दहा प्राण्यांचा चित्रकार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिट्सबर्ग नावाचे, पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्धीस आलेले एक शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील अनेक गरीब कुटुंबे पोटापाण्यासाठी तेथे येऊन राहिली. कार्पेथियन डोंगरातील मिकोव्हा या खेड्यातून आलेले वॉरहोला कुटुंब त्यांपैकीच एक होते. हे खेडे आज स्लोव्हाकिया देशात आहे. या कुटुंबात ६ ऑगस्ट १९२८ रोजी अँडीचा जन्म झाला. तीन भावांत तो सर्वांत धाकटा. वडील मजुरी करीत. आई ज्युलिया रिकाम्या डब्यांच्या पत्र्याची फुले करून विकत असे.

अँडी सुमारे आठ वर्षांचा असताना त्याला एक विचित्र आजार जडला. हातपाय आपोआप झटके देऊ लागले आणि त्याला अंथरुणावर पडून राहावे लागले. आईने त्याच्याजवळ सचित्र मासिके व रंगवावयाची पुस्तके आणून ठेवली. एक पान रंगवून झाले, की ती त्याला चॉकलेट देई. थरथरणारा तो हात हळूहळू रेषेवर स्थिरावू लागला. चित्रकलेची गोडी त्याला लागली ती या आजारपणात.

१९४२ साली वडील वारले; परंतु धाकट्या मुलाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी काटकसरीने थोडी रक्कम बाजूला ठेवली होती. त्या आधारावर अँडीने पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेत चित्रकलेचा अभ्यास केला आणि १९४९ साली पदवी मिळताच तो न्यूयॉर्कला गेला. आडनावातील अखेरचा स्वर गाळून तो आता अँडी वॉरहॉल झाला. पादत्राणांच्या जाहिरातींसाठी काढलेल्या त्याच्या नाजूक रेखाचित्रांनी त्याला लवकरच नाव व पैसा मिळवून दिला.

काही वर्षांनी आईही त्याच्याकडे राहावयास आली. घरात मांजरे पुष्कळ होती, आणि बहुतेकांना सॅम हे एकच नाव होते. १९५४ साली वॉरहॉल यांनी या मांजरांचे एक चित्रपुस्तक तयार केले. त्याच्या केवळ १९० प्रती काढल्या आणि चित्रे हाताने रंगविली. अक्षरे आईने लिहिली. इंग्रजी नीट न येणाऱ्या आईकडून शीर्षकातील एक अक्षर सुटले. परंतु मुलाने ते तसेच राहू दिले. आईच्या हातची ती चूकही त्याला प्रिय वाटली.

१९६२ साली वॉरहॉल यांनी सुपाच्या डब्यांची ३२ चित्रे लॉस एंजलिस येथे प्रदर्शनात मांडली. अनेकांनी त्यांची थट्टा केली. जवळच्याच एका चित्रदालनाने तर खरे डबे रचून ते स्वस्तात विकावयास ठेवले. परंतु दुकानात, रस्त्यावर व वर्तमानपत्रात रोज दिसणाऱ्या वस्तूंकडे चित्रकाराने का पाहू नये, हा त्यांचा प्रश्न होता. अशा विचारातून पुढे आलेल्या कलेला पॉप आर्ट म्हणतात. वॉरहॉल हे तिचे एक प्रमुख प्रवर्तक होत.

त्याच वर्षी त्यांनी छपाईची एक निराळी रीत हाती घेतली. चौकटीवर तलम रेशमी कापड ताणून बसवितात. छायाचित्राच्या साहाय्याने त्या कापडाची काही छिद्रे बुजवितात व काही मोकळी ठेवतात. मग रबराच्या पट्टीने शाई दाबली, की मोकळ्या छिद्रांतून ती खालच्या कागदावर उतरते. प्रत्येक रंगासाठी निराळी चौकट लागते. अशा रीतीने एकाच चित्राच्या अनेक प्रती निघतात. मेरिलिन मन्रो या नटीची त्यांची प्रसिद्ध चित्रे याच रीतीने तयार झाली. १९६६ साली तर त्यांनी पिवळ्या भूमीवर गुलाबी गाईचे मुख छापलेल्या कागदाने प्रदर्शनाच्या भिंती मढविल्या.

१९६८ साली त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यातून ते मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वाचले. परंतु त्या जखमांचा त्रास त्यांना जन्मभर झाला.

संकटग्रस्त जीवांच्या रक्षणासाठी अमेरिकेने १९७३ साली कायदा केला होता. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८३ साली, रोनाल्ड व फ्रेडा फेल्डमन या चित्रविक्रेत्या दांपत्याच्या सांगण्यावरून वॉरहॉल यांनी दहा प्राण्यांची चित्रमालिका पूर्ण केली. आफ्रिकेतील हत्ती, काळा गेंडा, झेब्रा, सायबेरियातील वाघ, चीनमधील पांडा, ओरांगउटान, मोठ्या शिंगांचा रानमेंढा, पांढऱ्या डोक्याचा गरुड, झाडावर राहणारा इवलासा बेडूक व एक फुलपाखरू असे ते दहा जीव होते. निसर्गाने त्यांना न दिलेल्या झगझगीत रंगांत ते छापले गेले. जो मान वॉरहॉल यांनी पूर्वी नटनट्यांना दिला होता, तोच आता बेडकाला व फुलपाखराला मिळाला. प्रत्येक चित्राच्या १५० प्रतींवर त्यांनी पेन्सिलीने सही केली व क्रमांक घातला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ही चित्रे लोकांनी पाहिली.

२२ फेब्रुवारी १९८७ रोजी, पित्ताशयावरील शस्त्रक्रियेनंतर, न्यूयॉर्क येथे वॉरहॉल यांचे निधन झाले. १९९४ साली पिट्सबर्ग येथे त्यांच्या कलाकृतींचे स्वतंत्र संग्रहालय उघडण्यात आले.

त्या दहा जीवांपैकी काहींचे दैव पुढे उजळले. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाची संख्या वाढली व २००७ साली त्याचे नाव अमेरिकेच्या संकटग्रस्तांच्या यादीतून काढण्यात आले. काळ्या गेंड्याची पश्चिम आफ्रिकेतील उपजात मात्र नष्ट झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. चौकट शाबूत असेल, तर कागदावरील गेंडा पुन्हा छापता येतो. वनातील गेंडा एकदा नाहीसा झाला, की तो कोणत्याही चौकटीतून पुन्हा उतरत नाही. एकाच वस्तूच्या असंख्य प्रती काढण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्याच कलावंताने ज्यांची दुसरी प्रत निघत नाही अशा जीवांकडे जगाचे लक्ष वेधले, हे त्याच्या कार्याचे मोल होय.