पंडित भगवानलाल इंद्रजी आणि सोपाऱ्याचा ठेवा

विरारच्या आगगाडींत बसून अंधेरी, बोरिवली मागें टाकीत उत्तरेस गेलें म्हणजे वसईची खाडी लागते आणि ती ओलांडल्यावर थोड्याच वेळांत नालासोपारा येतें. याच गांवचें प्राचीन नांव शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन साम्राज्याशीं व्यापार चाले, तेव्हां एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या प्रवासवृत्तांत या बंदराचा उल्लेख आहे. पुढें बंदराचें वैभव लोपलें. गांवाबाहेर विटामातीची एक टेकडी तेवढी उरली. लोक तिला बुरूड राजाचा कोट म्हणत. त्या टेकडीचें मर्म ज्यांनीं जगापुढें आणिलें, त्या पंडित भगवानलाल इंद्रजींचें चरित्र प्रत्येक विद्यार्थ्यानें मनन करण्याजोगें आहे.

भगवानलालांचा जन्म काठेवाडांतील जुनागड येथें १८३९ सालीं झाला. गिरनारच्या पायथ्याशीं एका प्रचंड शिळेवर अशोक, रुद्रदामा व स्कंदगुप्त यांचे लेख कोरलेले आहेत. ती शिळा त्यांच्या गांवाजवळच होती. येणारे-जाणारे यात्रेकरू तिच्याकडे पाहात आणि पुढें जात. या मुलाला मात्र तीं अक्षरें स्वस्थ बसूं देईनात. प्रिन्सेप साहेबांनीं तयार केलेला प्राचीन लिपीचा तक्ता त्यांच्या हातीं आला. त्याच्या आधारें एकेक अक्षर लावीत त्यांनीं ती विद्या स्वतःच्या कष्टानें संपादन केली. कोणत्याही महाविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती.

१८६१-६२ च्या सुमारास ते मुंबईस डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी हे मोठे धन्वंतरी आणि तितकेच मोठे इतिहाससंशोधक. त्यांच्यासाठीं भगवानलालांनीं लेण्यालेण्यांतून फिरून शिलालेखांचे ठसे घेतले, नाणीं जमविलीं. नकल भगवानलालांची व निबंध भाऊ दाजींच्या नांवाचा, असें कित्येकदां घडे. तरी शिष्याची गुरुनिष्ठा ढळली नाहीं. या कार्यास्तव त्यांनीं सिंध, राजपुताना, वायव्य सरहद्द व नेपाळपर्यंत प्रवास केला. १८७४ सालीं भाऊ दाजी निवर्तले आणि त्यांचा आधार तुटला. तथापि व्यासंग तुटला नाहीं. बोरिवलीजवळच्या कान्हेरीचे लेख, जुन्नरकडील नाणेघाटाचे लेख, ओरिसांतील खारवेल राजाचा हाथीगुंफेचा लेख, असे कितीतरी लेख त्यांनीं परिश्रमपूर्वक वाचले. ते आपले निबंध गुजरातींत लिहीत व इतर विद्वान त्यांचें इंग्रजी भाषांतर करीत.

१८८२ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं सोपाऱ्याचा कोट खणविला. तो कोट नसून बौद्ध स्तूप होता. मध्यभागीं विटांच्या कोठींत दगडी करंडा सांपडला. त्याच्या आंत तांब्याचा करंडा व त्याच्याभोंवतीं वर्तुळाकार मांडलेल्या आठ लहान ब्राँझच्या मूर्ति होत्या. तांब्याच्या करंड्यांत चांदीचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा आणि सर्वांच्या आंत सोन्याचा, असे करंडे एकांत एक बसविलेले होते. सोन्याच्या करंड्यांत रत्नें असतील असें कोणासही वाटलें असतें. परंतु त्यांत सोन्याच्या फुलांसह मातीच्या एका भांड्याचीं तेरा खापरें होतीं! ते भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून पूजिले गेले असावेत, असें भगवानलालांनीं ठरविलें. ज्यानें राज्य सोडून हातीं मातीचें पात्र घेतलें, त्याच्या भक्तांना सोन्याहून ती माती मोलाची वाटली, हा त्या रचनेचा अर्थ आहे.

मूर्तींचा अर्थही तितकाच हृद्य आहे. त्यांपैकीं सात मूर्ति होऊन गेलेल्या बुद्धांच्या असून आठवी पुढें येणाऱ्या मैत्रेयाची आहे. प्रत्येकाच्या हातांची मुद्रा कांहीं सांगत असते: भूमीस टेकलेला हात धरणीला साक्षीस बोलावितो, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात ध्यान सुचवितात, पुढें पसरलेला तळहात वर देतो. भूतकाळ व भविष्यकाळ यांचे गुरु एका पात्राभोंवतीं बसविले आहेत. स्तूपांत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णि याचें चांदीचें नाणेंही मिळालें. मूर्ति त्याहून पुष्कळ नंतरच्या, सुमारें आठव्या-नवव्या शतकांतील आहेत. यावरून स्तूप मागाहून पुन्हा उघडून त्या आंत ठेविल्या असाव्यात, असें विद्वान मानतात.

आतां विचार करा. हाच ठेवा एखाद्या धनलोभ्याच्या हातीं लागता, तर सोनें वितळलें असतें, ब्राँझ मोडींत गेलें असतें आणि खापरें उकिरड्यावर पडलीं असतीं. भगवानलालांनीं कोणती वस्तु कोठें, कशाच्या शेजारीं होती हें टिपून ठेविलें. म्हणूनच आज तिचा अर्थ लागतो. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडींत १९४५ च्या सुमारास रोमन समुद्रदेवाची ब्राँझची सुबक मूर्ति मिळाली. तीही इतर वस्तूंच्या संगतींत सांपडली, म्हणूनच दोन हजार वर्षांपूर्वींच्या सागरी व्यापाराची ती साक्ष देऊं शकते. वस्तु आपल्या स्थानावरून मुकाट्यानें उचलली, कीं ती मुकी होते.

हॉलंडांतील लायडेन विद्यापीठानें या पदवीहीन पंडितास सन्मान्य डॉक्टर केलें. १६ मार्च १८८८ रोजीं, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षीं, मुंबईंत त्यांचा अंत झाला. जन्मभर जमविलेलीं नाणीं व मथुरेस मिळालेला सुप्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष यांसारख्या वस्तु विकून ते धनवान होऊं शकले असते. परंतु त्यांनीं मृत्युपत्रानें त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिल्या. सोपाऱ्याचा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं राहिला.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांना नाणीं, तिकिटें, शिंपले जमविण्याचा छंद असेल. तो अवश्य जोपासा. मात्र प्रत्येक वस्तूबरोबर ती कोठें, केव्हां व कशी मिळाली, हें एका वहींत लिहून ठेवा. आणि सुटींत नालासोपाऱ्यास गेलांत, तर त्या विटांच्या टेकडीपुढें क्षणभर उभे राहा. जुनागडच्या शिळेवरील अक्षरांपुढें असाच एक मुलगा उभा राहिला होता. तो न वाचतां पुढें गेला नाहीं, एवढेंच त्याच्या थोरवीचें रहस्य आहे.