परीक्षकाचे हात : केन माइल्स



वहीच्या मागच्या पानावर मोटारींची चित्रे काढणारे आपल्या शाळेत पुष्कळ आहेत. आज त्यांना अशा एका माणसाची ओळख करून देत आहे, ज्याचे नाव गाडीवर नव्हते, पण ज्याचे परिश्रम तिच्या प्रत्येक भागात होते.

केन माइल्स यांचा जन्म १ नोव्हेंबर १९१८ रोजी इंग्लंडमधील सटन कोल्डफील्ड येथे झाला. तरुणपणी त्यांनी वोल्सली मोटार कंपनीत उमेदवारी केली. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यात रणगाड्यांवर होते. १९५२ मध्ये ते कॅलिफोर्नियात आले. तेथे एम.जी. गाड्यांच्या विक्रेत्याकडे नोकरी करता करता त्यांनी शर्यतीच्या गाड्या स्वतः बांधल्या आणि जिंकूनही दाखवल्या. १९६३ मध्ये ते कॅरोल शेल्बी यांच्या लॉस एंजेलिस येथील कारखान्यात दाखल झाले.

१९६४ मध्ये फोर्ड कंपनीची मस्टँग गाडी बाजारात आली. खप भरपूर होता, पण शर्यतवाले तिला दिखाऊ समजत. तिला शर्यतीची गाडी बनवण्याचे काम शेल्बींना मिळाले. अट अशी की, एकाच नमुन्याच्या किमान १०० गाड्या तयार पाहिजेत. फोर्डच्या सॅन होजे कारखान्यातून पांढऱ्या मस्टँग येत. त्यांना मागची सीट नसे, बॉनेटही नसे. शेल्बींचे कारागीर फायबरग्लासचे हलके बॉनेट बसवत आणि मागच्या सीटच्या जागी जादा चाक ठेवत. मोठा कार्बोरेटर व नवे एक्झॉस्ट पाइप लावल्यावर इंजिनाची ताकद २७१ वरून ३०६ अश्वशक्ती होई. पुढच्या चाकांचे वरचे आधारदांडे १ इंच खाली घेतले, त्यामुळे वळणावर गाडी रस्ता घट्ट धरू लागली.

कागदावरचे गणित अभियंत्यांचे होते. ते रस्त्यावर खरे उतरते की नाही, हे माइल्स स्वतः गाडी चालवून पाहत. दोष सापडला की दुरुस्ती, मग पुन्हा चाचणी. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमध्ये ही जी.टी. ३५० गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली. चालक माइल्सच होते, आणि ते जिंकले.

१९६६ मध्ये त्यांनी लॉइड रूबी यांच्या साथीने डेटोना व सेब्रिंग या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. जूनमध्ये फ्रान्समधील ल मांची २४ तासांची शर्यतही हाती आली होती. तेवढ्यात फोर्डच्या गाड्यांनी एकत्र रेषा ओलांडावी, असा आदेश आला. माइल्सनी वेग कमी केला. मॅकलॅरेन आणि अमन यांची गाडी सुरुवातीला मागे उभी होती, म्हणून तिचे अंतर जास्त धरले गेले आणि माइल्स दुसरे ठरले.

दोनच महिन्यांनी ते पुन्हा चाचणीच्या कामावर होते. १७ ऑगस्ट १९६६ रोजी रिव्हरसाइड येथे नव्या गाडीची चाचणी घेताना अपघात झाला, गाडीचे तुकडे झाले आणि माइल्स गेले. वय अवघे ४७. त्यानंतर फोर्डने त्या गाडीत पोलादी सांगाडा बसवला. १९६७ मध्ये ल मां येथे तशाच गाडीला भीषण अपघात झाला, पण चालक मारियो आंद्रेत्ती बचावले.

मित्रांनो, आपल्या कामातील दोष दुसऱ्याने दाखवण्याआधी स्वतः शोधा. आणि पालकांना एक विनंती : मुलाने घरातले बंद पडलेले यंत्र उघडले, तर रागावण्याआधी त्याला काय सापडले ते विचारा.