पुस्तक न पाहिलेला कवी

तुमच्या मोबाईलच्या नोट्समध्ये एखादी कविता पडून असेलच. कॉलेजच्या वार्षिकात एक छापून आली, मित्रांनी ती स्टेटसला ठेवली, मग धीर करून दुसरी तुम्ही एका दिवाळी अंकाला पाठवली. दोन महिने झाले, उत्तर नाही. मनात येतं, आपण पडलो बीडचे. पुण्या-मुंबईत असतो, दोन संपादक ओळखीचे असते, तर गोष्ट वेगळी असती.

असं वाटलं की एका शाळामास्तरांची आठवण काढा. त्यांनी वीस वर्षं कविता केल्या, मासिकांतून छापल्या आणि स्वतःच्या नावाचं एकही पुस्तक न पाहता ते गेले. आज आपण त्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो. त्यांची ‘तुतारी’ तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत.

तेविसाव्या वर्षी मॅट्रिक

जन्म १८६६चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचा. वडील शिक्षक, घरात भावंडं भरपूर, पैसा जेमतेम. शिक्षणही एका जागी झालं नाही. खेड, बडोदा, वर्धा, नागपूर, पुणे अशी फिरती झाली. शिक्षण संपायच्या आधीच, पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं. मॅट्रिक पास व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. तुमच्यापैकी कुणाचा एखादा विषय बॅक राहिला असेल, तर हे वाक्य परत वाचा.

पण या फिरतीतच त्यांना माणसं भेटली. नागपुरात नारायण वामन टिळक भेटले. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये असताना हरिभाऊ आपटे आणि गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी ओळख झाली. हे दोघंही साहित्याच्या आणि मासिकांच्या जगात वावरणारे. म्हणजे ओळखी केशवसुतांनाही होत्या, हे आधीच कबूल करू. ओळखीमुळे कविता वाचली जाते, कधी छापलीही जाते. पण ती वाचकाच्या गळी उतरवणं ओळखीच्या हातात नसतं.

पाकीट आणि वाट पाहणं

आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी पासोडीवर, म्हणजे चक्क कापडावर, ग्रंथ लिहिला. तेव्हा मराठीत छापखाना नव्हता, संपादकही नव्हता. केशवसुतांच्या वेळेला दोन्ही आले होते. त्यामुळे लिहिणाऱ्याला एक नवीनच गोष्ट करावी लागत होती. कविता टाकानं स्वच्छ उतरवायची, पाकिटात घालायची आणि दुसऱ्याच्या पसंतीवर सोडून द्यायची. मग वाट बघायची.

त्या काळी हरिभाऊंचं ‘करमणूक’ १८९०पासून पुण्याहून निघत होतं. मुंबईत १८९५ला काशीनाथ रघुनाथ मित्र यांचं ‘मनोरंजन’ सुरू झालं. आणि तिसरं नाव नीट लक्षात ठेवा, ‘काव्यरत्नावली’. फक्त कवितेला वाहिलेलं हे मासिक नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ला काढलं, तेही जळगावहून! केशवसुतांच्या कविता अशा मासिकांतून लोकांपर्यंत गेल्या, एकेक करून, इतर मजकुराच्या गर्दीत.

आणि त्या कविता सोप्या नव्हत्या. १८८८ला त्यांनी अस्पृश्य मुलाच्या मनातला प्रश्न कवितेत आणला. दुसऱ्या वर्षी उपाशी मजुरावर लिहिलं. १८९२ला इंग्रजीतला चौदा ओळींचा सॉनेट मराठीत आणला आणि त्याला चतुर्दशक म्हटलं. पुढे त्यालाच सुनीत हे नाव रुळलं. १८९३ला ‘तुतारी’ लिहिली आणि त्याच वर्षी ‘झपूर्झा’. हा शब्दही त्यांनी उचलला कुठून? झिम्मा खेळताना पोरी जा पोरी जा असं भराभर म्हणतात, त्यातून. आर्या आणि श्लोक घोकून मोठ्या झालेल्या वाचकांना हे पचायला जड गेलं. दुर्बोध म्हणून नावं ठेवली गेली. केशवसुत मात्र तसंच लिहीत राहिले.

भडगाव, फैजपूर, धारवाड

या सगळ्या काळात पोटाचं काय चाललं होतं? मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या, आज आहे उद्या नाही अशा नोकऱ्या. तिथे प्लेग आला तेव्हा त्यांनी मुंबई सोडली आणि खानदेशात भडगावला शाळेत मास्तरकी धरली. १९०१ला फैजपूरला गेले, १९०४ला धारवाडला. कवीचं ठामपण सांगणारी ‘आम्ही कोण?’ ही कविता याच फैजपूरची. पुण्या-मुंबईपासून लांब, मुलांच्या वह्या तपासणाऱ्या मास्तरांनी ती लिहिली.

त्यांची एक सवय उचलण्यासारखी आहे. कवितेखाली ते गाव आणि तारीख लिहायचे. म्हणून आज आपल्याला कळतं, कोणती कविता कुठे आणि कधी जन्मली. वीस वर्षांचा हिशेब केला तर कविता भरतात साधारण १३५. वर्षाला सहा-सात. तुमचा एक महिना कोरडा गेला तर घाबरू नका.

नोव्हेंबर १९०५मध्ये ते हुबळीला गेले होते. तिथे प्लेगनं गाठलं आणि ७ नोव्हेंबरला ते गेले. वय अवघं ३९. काही दिवसांतच पत्नीही गेल्या. त्यांचा एकही फोटो आज उपलब्ध नाही.

मग उरलं काय? मासिकांचे जुने अंक आणि हस्तलिखितं. दहा-बारा वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी त्या कविता गोळा करून पुस्तक काढलं. विद्यार्थीदशेत झालेली ती पुण्यातली मैत्री अशी कामी आली. पण पुस्तक येण्याआधीच मासिकांनी आपलं काम केलं होतं. त्या पानांवर केशवसुत वाचून नवी पोरं लिहायला लागली होती. गोविंदाग्रज तर स्वतःला अभिमानानं त्यांचा चेला म्हणवून घेत. १९०७ला जळगावात कविसंमेलन भरलं आणि तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या विशीही न गाठलेल्या मुलाला बालकवी ही पदवी मिळाली. केशवसुत असते तर तेव्हा चाळिशीत असते.

तेव्हा तुमचं ते उत्तर न आलेलं पाकीट, म्हणजे आताचा ईमेल, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी ‘कविता-रती’ काढलं, आपल्या मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ आहे, दिवाळी अंक तर किती तरी. अंक आधी वाचा, मग पाठवा. एकाने नाही घेतली तर तीच कविता चार दिवसांनी पुन्हा वाचा, खटकलेली ओळ दुरुस्त करा आणि दुसरीकडे धाडा. आणि हो, खाली गाव आणि तारीख टाकायला विसरू नका. गेवराई असो, केज असो की पाटोदा.