पंडिता रमाबाई : ईश्वरी वाणी आणि सुबोध मराठी

संस्कृत विद्वत्तेसाठी कलकत्त्यात सन्मानित झालेल्या पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६ साली लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात, पहाटेच्या एकांतात, आपल्या पंधरा श्रद्धावान मुलींची संख्या पंधरापट व्हावी, अशी प्रार्थना त्यांनी केली. मनात शंका उठताच, देवाला असाध्य काही नाही, हे यिर्मयाच्या ग्रंथातील वचन त्यांना स्मरले. तेच त्यांनी ईश्वरी उत्तर मानले. पाठोपाठच्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. परंतु प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी अशा मुलींना दुर्बोध होती. म्हणून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी केडगावी संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणले. ते १९२४ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. ईश्वरी वाणी निरक्षर स्त्रीलाही कळावी, यासाठी संस्कृतपंडितेने संस्कृत शब्दांचा मोह सोडला.