दात काढले तरी कळ थांबेना, तेव्हा तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना बोलावणं आलं

गोष्ट आहे १६७७ सालच्या डिसेंबरची. पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूतांच्या घरून रात्रीच्या वेळी एका इंग्रज डॉक्टरला निरोप गेला. राजदूत राल्फ मोंटेग्यू यांच्या पत्नी एलिझाबेथ, म्हणजे नॉर्थम्बरलंडच्या काउंटेस, चेहऱ्याच्या उजव्या बाजूला उठणाऱ्या कळांनी अक्षरशः किंचाळत होत्या. दुखणं दातांचं असेल असं समजून दात काढून झाले होते. तरी काही फरक नव्हता.

निरोप मिळताच जे डॉक्टर आले, त्यांचं नाव होतं जॉन लॉक.

हो, तेच लॉक. राज्यशास्त्राच्या पुस्तकात हॉब्ज आणि रूसो यांच्यासोबत ज्यांचं नाव येतं, जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे नैसर्गिक हक्क आहेत असं ज्यांनी मांडलं, तेच हे लॉक. पण त्यांची ही पुस्तकं यायला अजून १२ वर्षं बाकी होती. त्या रात्री ते फक्त एक डॉक्टर होते.

लॉक यांचा जन्म २९ ऑगस्ट १६३२ चा, इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या रिंग्टन गावचा. वडील वकिली करायचे. इंग्लंडच्या यादवी युद्धात ते राजाच्या विरोधात, पार्लमेंटच्या बाजूने लढले होते. लॉक आधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत शिकले आणि १६५२ मध्ये ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात दाखल झाले.

तिथे जुन्या ग्रंथांची घोकंपट्टी त्यांना फारशी रुचली नाही. त्यांचा ओढा प्रयोगांकडे होता. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांच्याशी त्यांची ओळख झाली. मेंदू आणि मज्जातंतूंवर मूलभूत काम करणाऱ्या थॉमस विलिस यांची व्याख्यानं त्यांनी ऐकली, त्यांच्या टिपणं काढून ठेवली. पुढे लंडनमध्ये थॉमस सिडनहॅम या नामांकित डॉक्टरसोबत त्यांनी रुग्ण पाहिले. सिडनहॅम यांचा आग्रह एकच होता, आधी रुग्णाकडे नीट बघा, सिद्धांत नंतर. लॉक यांच्यावर ही शिकवण कायमची ठसली.

१६६६ मध्ये त्यांची भेट लॉर्ड ॲश्ली या बड्या राजकारण्याशी झाली आणि पुढच्याच वर्षी ते त्यांच्या लंडनच्या घरी राहायला गेले. १६६८ मध्ये ॲश्ली यांच्या यकृताजवळ मोठा गळू झाला. तेव्हा भूल नव्हती, जंतुसंसर्ग म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. लॉक यांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया झाली आणि पू वाहून जावा म्हणून आत चांदीची नळी बसवण्यात आली. ॲश्ली वाचले आणि पुढे १५ वर्षं जगले.

१६७५ मध्ये लॉक यांना ऑक्सफर्डची वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. पण त्यांची स्वतःची तब्येत तोळामासाच होती. दमा आणि खोकला पाठ सोडत नव्हता, लंडनचा धूर सोसवत नव्हता. हवापालट म्हणून त्याच वर्षी ते फ्रान्सला गेले. आधी माँपेलिये, मग पॅरिस. आणि तिथेच ते बोलावणं आलं.

लॉक यांनी काउंटेसना झटके येताना स्वतः पाहिलं. एकाएकी आगीचा लोळ शिरावा तशी कळ चेहऱ्याच्या उजव्या बाजूला उठायची. तोंड उजव्या कानाकडे ओढलं जायचं. झटका जसा अचानक यायचा तसाच अचानक थांबायचा, आणि मग बाई जवळपास ठणठणीत दिसायच्या. अर्धा तासही उलटत नाही तोवर पुढचा झटका हजर.

जिभेच्या उजव्या बाजूला उकळतं पाणी सोडल्यासारखं होतं आणि ती बाजू सुजली आहे, अशी काउंटेसची तक्रार होती. लॉक यांनी जीभ पुन्हा पुन्हा तपासली. सूज नव्हती, रंग बदलला नव्हता. पण बाहेरून काही दिसत नाही म्हणून त्यांनी दुखणं खोटं ठरवलं नाही. उलट ही बाई मुळात फार सोशिक आहे, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं.

झटका कशाने येतो तेही त्यांनी टिपलं. बोलल्याने, काही खायला तोंड उघडल्याने, हिरडीला हात लागल्याने, त्या कुशीवर झोपल्याने.

यानंतर लॉक यांनी जे केलं ते आजही शिकण्यासारखं आहे. समोर राजदूताची पत्नी होती, पण आपल्याला सगळं कळतं असा आव त्यांनी आणला नाही. ४ डिसेंबरला त्यांनी लंडनमधले मित्र डॉ. जॉन मेपलटॉफ्ट यांना सविस्तर पत्र लिहिलं आणि सिडनहॅम यांच्यासह तिथल्या जाणत्या डॉक्टरांचं मत मागवलं. आजच्या भाषेत सेकंड ओपिनियन.

पत्राची ये-जा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं शक्य नव्हतं. शरीरातले दूषित द्रव बाहेर काढले की रोग जातो, अशी त्या काळातली समजूत. त्यानुसार लॉक यांनी जुलाबाची औषधं दिली. काही दिवसांत काउंटेसना आराम पडला.

मग जुलाबाने दुखणं बरं झालं का? आज कुठलाही न्यूरोलॉजिस्ट याला हो म्हणणार नाही. हा आजार काही आठवडे, काही महिने आपोआप शांत होतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. म्हणूनच त्या काळात घेतलेला कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. लॉक यांचा उपाय कालबाह्य झाला, पण त्यांनी लिहून ठेवलेली लक्षणं आजच्या पाठ्यपुस्तकाशी जुळतात.

या आजाराला आज ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. २०११ मध्ये सलमान खान यांनी यासाठी अमेरिकेत उपचार घेतले, तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांमध्ये हे नाव गाजलं होतं.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी पाचवी म्हणजे ट्रायजेमिनल. तिच्या तीन फांद्या कपाळ, गाल आणि खालच्या जबड्याची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचवतात. बऱ्याच रुग्णांमध्ये मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी या नसेवर दाब देत असते. वायरवरचं प्लास्टिक झिजावं तसं नसेचं आवरण झिजतं आणि दात घासणं, दाढी करणं, वाऱ्याची झुळूक एवढ्यानेही विजेचा शॉक बसल्यासारखी कळ जाते. दातांच्या नसा याच फांद्यांतून जात असल्यामुळे दुखणं दाढेचं वाटतं. त्यामुळे आजही कित्येक रुग्ण आधी रूट कॅनाल करून घेतात, चांगल्या दाढा काढून बसतात आणि मग न्यूरोलॉजिस्टकडे पोहोचतात.

खरं औषध सापडायला लॉक यांच्यानंतर जवळपास तीन शतकं गेली. १९६० च्या दशकात, मुळात फिट्ससाठी असलेलं कार्बामॅझेपिन या दुखण्यावर लागू पडतं हे लक्षात आलं. आजही सुरुवात बहुतेकदा त्याच औषधाने होते. त्याच दशकात अमेरिकेतले सर्जन पीटर जॅनेटा यांनी रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये छोटी गादी ठेवून दाब काढण्याची शस्त्रक्रिया विकसित केली.

लॉक १६७९ मध्ये इंग्लंडला परतले. राजकीय वादळात १६८३ मध्ये त्यांना हॉलंडला पळावं लागलं. १६८९ मध्ये ते मायदेशी आले आणि त्यानंतरच त्यांची गाजलेली पुस्तकं छापली गेली. ज्ञान अनुभवातून येतं, हा त्यांच्या तत्त्वज्ञानाचा गाभा. २८ ऑक्टोबर १७०४ रोजी एसेक्समधल्या ओट्स इथे त्यांचं निधन झालं.

काउंटेसच्या वेळी एमआरआय नव्हता. आज तो आहे आणि नसेवर दाब कशाचा आहे, गाठ किंवा दुसरा आजार तर नाही ना, हे बघायला तो लागतोच. पण निदानाची सुरुवात अजूनही रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते. चेहऱ्याच्या एकाच बाजूला अशा कळा येत असतील, साध्या पेनकिलरने फरक पडत नसेल आणि दातांच्या डॉक्टरांना दातात काही सापडत नसेल, तर दाढ काढण्याची घाई न करता न्यूरोलॉजिस्टना गाठावं. जाताना एका कागदावर लिहून न्यावं : कळ कुठे उठते, किती वेळ टिकते, कशाने सुरू होते आणि मधल्या वेळात कसं वाटतं. लॉक यांनी लंडनला पाठवलेल्या पत्रात नेमकं हेच होतं.