आपल्या लोअर हटचा वृक्षचित्रकार

हल्ली आपण झाडाचा फोटो काढतो आणि त्यावरून सावकाश चित्र रंगवतो. विल्यम स्वेन्सन यांच्याकडे मात्र फक्त पेन्सिल होती. १७८९ साली लंडनमध्ये जन्मलेले, पक्ष्यांच्या चित्रांसाठी नावाजलेले स्वेन्सन १८४१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, इथे स्थलांतरित झाले. १८५३ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांनी निलगिरीच्या १,५०० हून अधिक जाती-उपजाती नोंदवल्या आणि वनस्पतीशास्त्रज्ञांमध्ये त्यांचे हसे झाले. १८५५ मध्ये लोअर हटमध्येच त्यांचे निधन झाले. ते वर्गीकरण फसले, पण हट खोऱ्यातल्या झाडांची रेखाटने टिकली. वसाहतीसाठी तोडलेले इथले जंगल कसे होते, ते आज आपल्याला त्यांतूनच दिसते.