विश्लेषण : दुचाकीची चेन लवकर का झिजते? सायकलच्या दुकानातून घडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आयुष्य काय सांगते?

कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरील तिसगाव (ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर) परिसरात दुधाचे कॅन, खताच्या गोण्या आणि बाजारहाट बहुतांशी दुचाकीवरच चालतो. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. त्यामुळे चेन खडखडते, गाडी ओढत नाही आणि चेन-स्प्रॉकेटचा संच वेळेआधीच बदलावा लागतो. साखळी आणि दातेरी चाकांची हीच रचना असलेल्या सायकली विकत एका मराठी माणसाने १८८८ मध्ये व्यवसायात पाऊल टाकले. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार व्हायला निघालेला तरुण यंत्रांकडे कसा वळला?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना, पण चित्रे काढण्याची आणि यंत्रे न्याहाळण्याची आवड होती. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात दाखल झाले. मात्र काही रंगांतील फरक आपल्याला ओळखता येत नाही, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. रंगकाम सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तेथील कार्यशाळेतच यंत्रांशी त्यांची खरी ओळख झाली.

सायकलचे दुकान का काढले?

इंग्लंडमध्ये १८८० मध्ये हान्स रेनॉल्ड यांनी बुश-रोलर साखळी तयार केली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची मागचे चाक साखळीने फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल आली. ही नवलाई मुंबईत पोहोचली, तेव्हा लक्ष्मणरावांनी त्यात धंदा पाहिला. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत, ग्राहकाला चालवायलाही शिकवत. दुकानात दुरुस्तीही होई. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव येथूनच सुरू झाले. पुढे नोकरीत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणराव मुंबई सोडून बेळगावला आले. कडबा कापण्याच्या यंत्रांनंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर लगेच का विकला गेला नाही?

१९०३ मध्ये नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडामुळे जमीन नासते, असा तेव्हा समज होता. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगराचा फाळ मातीशी घासून झिजणारच, हेही उघड होते. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करी. लोखंडी नांगर मोडला तर पेरणीचा हंगामच हातचा जाण्याची धास्ती होती. त्यामुळे नुसता माल विकून भागणार नव्हते; तो टिकतो आणि दुरुस्त होतो, याचा विश्वास द्यायचा होता.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून काम चालू ठेवले गेले. नांगरांबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंपही येथून बाहेर पडू लागले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

आजच्या दुचाकीची चेन नेमकी कशी झिजते?

रोव्हरची साखळी आणि आजच्या मोटारसायकलची चेन यांचे तत्त्व एकच आहे. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतली पिन आणि तिच्यावरचे बुश एकमेकांना घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात केसभर फट पडते आणि एकूण लांबी वाढते. लांबलेली चेन दाताच्या बुडाशी न बसता टोकाकडे चढते आणि दात आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. पुढचे स्प्रॉकेट लहान असते. मागचे एकदा फिरते तेव्हा ते साधारण तीनदा फिरते, म्हणून त्याची झीज आधी होते. तेलात मिसळलेली धूळ तर पॉलिश पेपरसारखे काम करते.

मग काय करावे?

साधारण दर ५०० किलोमीटरला, तसेच पावसात किंवा चिखलात गाडी चालवल्यावर चेन स्वच्छ करावी. इंजिन बंद ठेवून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे. रॉकेल आणि मऊ ब्रशने घाण काढावी, पुसून कोरडी करावी, मग गिअर ऑइल किंवा चेन लुब्रिकंट लावून जादाचे तेल पुसावे. जळालेले इंजिन ऑइल वापरू नये, त्यात धातूचा चुरा असतो. चेनला बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर झोल लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चेन फार कसली तर बेअरिंगवर ताण येतो. चेन-कव्हर काढून ठेवू नये.

झीज मोजणेही सोपे आहे. १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांत ४२८ क्रमांकाची, १२.७ मिलिमीटर पिचची चेन असते. नव्या चेनमध्ये पहिल्या पिनपासून एकविसाव्या पिनपर्यंतचे अंतर २५४ मिलिमीटर भरते. ते २५९ च्या पुढे गेले, म्हणजे २ टक्के वाढ झाली, की चेन बदलण्याची वेळ आली. तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटही बदलावेत. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते आणि वाचवलेले पैसे दुपटीने जातात. जोडकडीच्या क्लिपचे बंद टोक चेन धावते त्या दिशेला असावे. उलटी बसलेली क्लिप निसटली तर चालत्या गाडीत चेन सुटून चाक अडकू शकते.

सायकल असो, नांगर असो वा दुचाकी, झिजणारा भाग वेळेत ओळखला तरच यंत्र धन्याला साथ देते.